जुन्या वाड्याच्या मालकीचा माग कसा काढावा

विदर्भातील एखाद्या गावच्या वाड्याचा आणि त्याच्या जमीनजुमल्याचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्याने, कागद मागण्यापूर्वी, आपले गाव वर्धा नदीच्या कोणत्या अंगाला आहे हे पाहावे. नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड 1853 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि पुढे तेथे रयतवारी बसली, म्हणजे सरकारने शेतसारा थेट खातेदाराकडून घेतला. म्हणून अमरावती, अकोला, यवतमाळकडील देशमुखाचा किंवा पाटलाचा वाडा कितीही मोठा असला, तरी, जहागिरी, इनामी आणि इजारा (मक्त्याने दिलेली) गावे वगळता, तो वाडेवाला साऱ्या गावाचा मालक होता असे गृहीत धरू नये. पूर्वेकडे भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाल्यावर इंग्रजांनी बंदोबस्तात, म्हणजे जमीन मोजून सारा ठरवताना, मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्यांना, गावाचे मालकी हक्क दिले. त्यामुळे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत एका कुटुंबाच्या नावावर अख्खे गाव आढळते आणि त्याची वाटणी आण्यांत झालेली दिसते. सोळा आण्यांचे गाव भावाभावांत, पुढे जावयाकडे किंवा सावकाराकडे, चार-चार आण्यांनी जाते. हे हिस्से वाचता आल्याशिवाय पूर्वेकडच्या वाड्याची हकीकत उलगडत नाही.

शोध वर्तमानाकडून मागे न्यावा. प्रथम शेताचा सातबारा घ्यावा आणि त्यावरील फेरफार क्रमांकांवरून एकेक फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, मागवावा, कारण नाव का बदलले, वारसाने की वाटणीने, खरेदीने की न्यायालयाच्या हुकुमाने, हे तेथेच कळते. खरेदीखत, बक्षीसपत्र आणि गहाणखत यांच्या नोंदी दुय्यम निबंधक कार्यालयात शोधाव्यात. नागपूरकडील गावांसाठी 1954-55 चे अधिकार अभिलेख अत्यंत मोलाचे आहेत. मालगुजारी गेल्यानंतर कोणाच्या हाती काय उरले, याचे ते पहिले सलग चित्र आहे. त्याआधीच्या बंदोबस्ताच्या मिसली (फायली) जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात मागाव्यात. शेतांचे क्रमांक मध्येच बदललेले असतात, म्हणून प्रत्येक टप्प्यावर चतुःसीमा ताडून पाहाव्यात.

वाडा स्वतः गावठाणात असेल, तर त्याला सातबारा नसतो. त्यासाठी मिळकत पत्रिका, आणि ती नसल्यास ग्रामपंचायतीचा नमुना 8 पाहावा. मात्र नमुना 8 ही कराची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे, हे भान सोडू नये.

सर्वाधिक गैरसमज 31 मार्च 1951 या तारखेभोवती आहेत. त्या दिवशी 1950 च्या कायद्याने तेव्हाच्या मध्य प्रदेशातील, म्हणजे पूर्वीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडातील, मालगुजारी संपली, आणि ‘सगळे सरकारजमा झाले’ असे गावोगाव सांगितले जाते. प्रत्यक्षात गावाची मालकी, पडीत, जंगल आणि तलाव सरकारकडे गेले. राहता वाडा आणि घरची शेती पूर्वीच्या मालकाकडे राहिली. भंडारा-गोंदियाकडे ज्यांना आजही मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणतात, ते या बदलाचे ठळक चिन्ह आहे. तलावावर आणि चराईवर गावाचे हक्क कोणते होते, हे निस्तार पत्रक (गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद) व वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) यांत वाचावे. माझ्या मते वाड्याचा इतिहास या दोन कागदांविना एकतर्फी राहतो, कारण मालकाइतकीच त्याची रयतही त्यात बोलते. त्यानंतरची घट 1958 च्या विदर्भ कूळकायद्यात आणि 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्यात शोधावी.

भोसलेकाळापर्यंत मागे जायचे असल्यास मोडी वाचणारा जाणकार सोबत घ्यावा आणि नागपूरच्या पुराभिलेखागारात चौकशी करावी. वऱ्हाडासाठी फारसीचाही जाणकार लागू शकतो. वंशावळ जुळवताना त्र्यंबकेश्वर किंवा प्रयाग येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा फार उपयोग होतो. त्यांत पिढ्या असतात, मालकी नसते. म्हणून त्यांतील नाव महसुली कागदात सापडेपर्यंत ते टिपणात वेगळ्या रकान्यात ठेवावे, आणि वाड्यातील वडीलधाऱ्यांची आठवण कागदाशी जुळत नसेल, तर दोन्ही गोष्टी तारखेसह शेजारी लिहाव्यात.