निकाहनाम्यावर सही करण्यापूर्वी

इस्लाम आणि स्त्रीवाद यांचा मेळ बसतो की नाही, हा वाद जुना आहे. निपाणी, खानापूर किंवा बेळगावातील मुलीपुरते त्याचे उत्तर मात्र बरेचसे निकाहनाम्यात, म्हणजे लग्नाच्या करारपत्रात, काय लिहिले जाते यावर ठरते. शरियतीनुसार निकाह हा करार आहे आणि करारात अटी घालता येतात. त्या मंगनीच्या बोलणीतच मांडाव्यात, कारण काझी रजिस्टर उघडून बसल्यावर आणि वऱ्हाडी जेवणासाठी ताटकळलेले असताना नवा मुद्दा कोणी ऐकून घेत नाही.

प्रथम मेहर, म्हणजे निकाहानिमित्त नवऱ्याने पत्नीला द्यायची रक्कम किंवा ऐवज. कुराणातील चौथ्या सूरेची (अध्यायाची) चौथी आयत (वचन) तो स्त्रीलाच देण्यास सांगते; त्यावर वडिलांचा हक्क नाही आणि सासरचाही नाही. शुभ म्हणून ७८६ रुपये लिहून मोकळे होऊ नये. रुपयांतल्या रकमेची किंमत वर्षागणिक घटते, म्हणून मेहर सोन्याच्या किंवा चांदीच्या वजनात लिहावा (मेहर-ए-फातिमी, म्हणजे पैगंबरांच्या मुलीला, फातिमांना, मिळालेल्या मेहराइतका मेहर, साधारण दीड किलो चांदीचा धरतात) आणि त्यातला किती निकाहच्या वेळी, किती मागाहून, हेही नोंदवावे.

मला सर्वांत मोलाची वाटते ती तलाक-ए-तफवीजची अट. तिच्यामुळे नवरा आपला तलाकचा अधिकार ठरावीक परिस्थितीत पत्नीला सोपवतो. 'दुसरे लग्न करू नये' अशी सरसकट मनाई हनफी या सुन्नी विचारपंथाच्या मतानुसार टिकत नाही. पण 'दुसरे लग्न केल्यास, मारहाण केल्यास किंवा खर्च न दिल्यास पत्नीला हा अधिकार वापरता येईल' अशी अट न्यायालयांनी ग्राह्य धरली आहे. खुला, म्हणजे पत्नीने मागून घेतलेला घटस्फोट, घेताना स्त्रीला बहुधा मेहर सोडावा लागतो, तफवीजमध्ये तो शाबूत राहतो. अट नसेल, तर १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यानुसार, उदाहरणार्थ दोन वर्षे पोटगी न मिळाल्यास, न्यायालयात जावे लागते; तो रस्ता लांबचा आहे.

शिक्षण आणि नोकरी चालू राहील, घरी विड्या वळून मिळालेली मजुरी तिचीच राहील, हेही लिहावे. स्त्रीची कमाई तिची, असे त्याच सूरेतील ३२ वी आयत सांगते.

आपल्या भागात निकाहनामा अनेकदा उर्दूत असतो, तर मुलगी मराठी किंवा कन्नड शाळेत शिकलेली असते. वकील (इथे मुलीचा होकार कळवणारा तिचा प्रतिनिधी) आणि दोन साक्षीदार होकार विचारायला येण्याआधी त्यातील प्रत्येक ओळ तिला मराठीत वाचून दाखवावी, रिकाम्या रकान्यांवर रेघ मारून घ्यावी आणि सहीची एक प्रत तिच्याच हाती द्यावी.