पूर, प्लेग, युद्ध: मुलांना खऱ्या घटनांची पुस्तकं देताना या चुका टाळा

अप्पा बळवंत चौकात मुलांच्या पुस्तकांच्या खणापुढे उभं राहा आणि शौर्यकथांची कुठलीही चार पुस्तकं चाळा. 'अतुलनीय', 'धगधगतं', 'रोमहर्षक' हे शब्द पानोपानी भेटतील. शूर माणसाने नेमकं काय केलं, कशाने केलं, त्याला किती वेळ लागला, हे मात्र हुडकावं लागेल. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हवं असतं ते नेमकं हेच. पानशेतच्या धरणफुटीची गोष्ट ऐकून "जवान किती थोर होते ना?" असं मला अजून एकाही मुलाने विचारलेलं नाही. "पोत्यांत भरायला एवढी वाळू आणली कुठून?" हे मात्र हमखास विचारतात.

हा 'कसं'चा प्रश्न अनुत्तरित राहिला की पुढची दुखणी सुरू होतात. मूल घाबरतं, नाहीतर कंटाळतं, नाहीतर भलत्याच माणसांवर राग धरून बसतं. शनिवारच्या वाचनकट्ट्यावर पालक ज्या तक्रारी घेऊन येतात, त्यांतल्या काही आणि त्यांवरचे माझे उपाय इथे मांडते.

थोरवी सांगितली, काम राहून गेलं

पानशेतच घ्या. पुण्यातल्या मुलाला सांगण्यासारखी याहून जवळची गोष्ट नाही, आणि ती सगळ्यात वाईट सांगितली जाते. "१२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, हाहाकार उडाला, पुणेकर जिद्दीने उभे राहिले." संपलं. यात मुलाच्या हाती काय लागलं?

आता हीच गोष्ट कामाच्या बाजूने सांगून बघा. पानशेतचं धरण मातीचं. ते अजून पुरतं झालेलं नव्हतं, तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं गेलं. बांध खचू लागला. ११ जुलैच्या रात्री लष्कराचे जवान त्यावर वाळूची पोती रचत राहिले. धरण वाचलं नाही, १२ तारखेला सकाळी सातच्या सुमारास ते फुटलंच. पण रात्री फुटलं असतं ते उजाडल्यावर फुटलं. नदीकाठच्या पेठांतली माणसं झोपेत नव्हती, जागी होती. पानशेतचा लोंढा खाली खडकवासल्यात आला, तेही धरण फुटलं आणि मुठा शहरात शिरली.

इथे मुलं थांबवतात. "म्हणजे पोती वाया नाही गेली?" नाही गेली. धरण वाचवायला गेलेल्या माणसांनी धरण गमावलं आणि तरी पुष्कळ जीव वाचवले, हे मुलाला तुम्ही न सांगता कळतं. 'अतुलनीय' हा शब्द वापरावाच लागत नाही.

दुसऱ्या दिवशीचं तर पुस्तकांत जवळजवळ कधीच नसतं. शहराला पाणी पुरवणारं धरणच फुटलं होतं. चहूकडे पाणी, आणि नळाला थेंब नाही. जुन्या विहिरी कामी आल्या. घरं गेलेल्यांसाठी वसाहती उभ्या राहिल्या. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर ही नावं मुलं रोज बसच्या पाट्यांवर वाचतात. तिथे राहणाऱ्या एखाद्या मुलाला हे कळलं की तो कट्ट्यावर जरा ताठ बसतो.

म्हणून पुस्तक विकत घेण्याआधी दुकानातच दोन पानं वाचा. जागेचं नाव आहे का, वेळ आहे का, नकाशा आहे का, नंतर काय झालं ते आहे का, एवढं बघा. नुसतीच विशेषणं असतील तर पुस्तक खाली ठेवा, मुखपृष्ठ कितीही देखणं असो.

"आपल्याकडे पण येईल का पूर?" याला "छे, काही नाही होत" हे उत्तर

पावसाळ्यात हा प्रश्न येणारच. टीव्हीवर 'भिडे पूल पाण्याखाली', फोनवर 'खडकवासल्यातून विसर्ग वाढवला', आणि हातात पानशेतचं पुस्तक. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलेलं मुलांनी पाहिलंय. "काही नाही होत" म्हणालात तर तुमच्यावरचा विश्वास तेवढा उडेल, भीती जागची हलणार नाही.

खरं उत्तर द्या. धरणातून पाणी सोडणं आणि धरण फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडलेलं पाणी मोजून सोडतात, आधी कळवतात, आणि ते किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट) आहे हे आपण वाचू शकतो. दोन-तीन दिवस मुलालाच बातमीतला आकडा वहीत लिहायला सांगा. आपण नदीपासून किती लांब राहतो, किती उंचावर राहतो, ते नकाशावर दाखवा. घर खरोखरच नदीकाठी असेल तर पाणी वाढलं की आपण कुणाकडे जायचं, काय काय उचलायचं, हे त्याच्यासमोर ठरवा. कामाचा भाग त्याच्याकडे द्या, टॉर्चचे सेल बघणं वगैरे.

भूकंपाचंही असंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, गणपती विसर्जनानंतर माणसं गाढ झोपलेली असताना किल्लारीची जमीन हलली. हजारो माणसं गेली. एवढंच वाचलेलं मूल रात्री छताकडे बघत पडून राहणार. त्याला पुढचं सांगा: दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि त्यांवर मातीचं जड छप्पर, अशी ती घरं होती. माणसं बहुतांशी त्या भिंतींखाली गेली. घर कसं बांधलंय यावर पुष्कळ अवलंबून असतं. "देवाची करणी" म्हणून विषय मिटवलात तर मुलाला धरायला काहीच उरत नाही. आणि किल्लारीचा एक धागा पुण्यात येतो, तोही सांगा. भूकंपग्रस्त भागातली बाराशेच्या आसपास मुलं भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्यात आणली. त्यांचं बस्तान पुढे वाघोलीला बसलं.

एकाच वर्षाची दोन पुस्तकं, आणि दोन्ही अर्धी

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते.

१८९७ साल, पुणं, प्लेग. सावित्रीबाई फुल्यांचं चित्रमय चरित्र एका खणात आणि चापेकर बंधूंचं दुसऱ्या. पहिलं पुस्तक शिक्षणाच्या गोष्टीत मोडतं, दुसरं क्रांतिकारकांच्या. मुलांना कुणी सांगतच नाही की हे एकच शहर आहे आणि मध्ये जेमतेम साडेतीन महिने आहेत.

सावित्रीबाई आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ, गावाबाहेर मोकळ्या जागी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच काळात शहरात प्लेग कमिशनर वॉल्टर चार्ल्स रँड याच्या हाताखाली सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधत होते आणि त्यांना वेगळं ठेवायला उचलून नेत होते. स्वयंपाकघर, देवघर काही सोडत नव्हते, बायकांनाही तपासत होते. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा सोहळा आटोपून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर दामोदर आणि बाळकृष्ण चापेकरांनी रँड आणि त्याच्यासोबतचा लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. या दोघांना आणि धाकट्या वासुदेवला, तिघाही चापेकर भावांना पुढे फाशी झाली.

हे एकत्र वाचलं की मुलं अवघड प्रश्न विचारतात. रोगी वेगळे ठेवणं चूक होतं का? मग सावित्रीबाईंनीही गावाबाहेरच दवाखाना काढला ना? बरोबर. आता तुम्हीच सांगा फरक काय होता, असं मी उलट विचारते. नऊ वर्षांची मुलंसुद्धा नेमकं बोट ठेवतात: एकीकडे उचलून नेलं, दुसरीकडे उचलून घेतलं. हे वाक्य एका चौथीतल्या मुलीचं आहे, माझ्या डोक्यातून आलेलं नाही.

जरा मोठ्या मुलांना विज्ञानाची बाजूही जोडून द्या. प्लेगचा जंतू सापडला १८९४ मध्ये. शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. आणि उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवून दिलं ते १८९८ मध्ये. म्हणजे १८९७ च्या पुण्यात रोग नेमका कशाने येतोय हे कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. दवाखाना चालवणाऱ्यांनाही नाही. हे कळल्यावर सावित्रीबाईंचं धाडस वेगळंच दिसायला लागतं.

पोवाडा आणि पुरावा यांची भेळ

सिंहगड चढताना प्रत्येक मूल घोरपडीबद्दल विचारतं. बहुतेक आईबाबा "हो हो, यशवंती" म्हणून मोकळे होतात, आणि काही अतिउत्साही मंडळी "ते सगळं खोटं आहे" म्हणून मुलाचा चेहरा पाडतात. दोन्ही नको. तानाजींची कथा तुळशीदास शाहिरांच्या पोवाड्यातून घरोघर गेली. पोवाडा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा यावा म्हणून गायला जातो, आणि त्यात घोरपड शोभते. फेब्रुवारी १६७० मधली लढाई खरी, तानाजी मालुसरे तिथे पडले हे खरं, सूर्याजींनी लढा पुढे नेला तेही खरं. 'सिंहगड' हे नाव मात्र १६६३ च्या पत्रातही आढळतं, म्हणजे तानाजींच्या आधीचं. एवढं सांगितलं की मुलं खूश होतात, कारण आता त्यांच्याकडे मित्रांना सांगण्यासारखं काहीतरी असतं.

बाहेरच्या गोष्टींनाही हीच चाळणी लावा. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमुळे पुढे आजारी पडलेल्या सादाको सासाकीने, हजार केले की इच्छा पुरी होते म्हणून कागदाचे क्रौंच पक्षी करायला घेतले, ६४४ केले आणि हजार पुरे व्हायच्या आत ती गेली, असं मुलांच्या गोष्टींतून जगभर पसरलंय. प्रत्यक्षात तिने हजारांचा टप्पा ओलांडला होता. ऑक्टोबर १९५५ मध्ये ती गेली तेव्हा अवघी बारा वर्षांची होती. एवढ्या दुःखाला आणखी रडवण्यासाठी आकडा बदलायची गरज का पडावी, हे मला कधी कळलेलं नाही.

युद्धाची पुस्तकं म्हणजे पदकांची यादी

पानिपत म्हटलं की १४ जानेवारी १७६१ चा दिवस आणि तलवारी. त्याआधीचे आठवडे गायब. रसद तुटली होती, छावणीत माणसं आणि जनावरं उपाशी होती, सैन्यासोबत यात्रेकरू आणि बायकामुलं होती. धान्याची गोष्ट आधी सांगा. मुलांना भूक कळते, व्यूहरचना नंतर कळते.

परमवीरचक्राच्या पुस्तकांत मुलांना गोळ्या झाडणारे वीर तेवढे दिसतात. त्यांना सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांची गोष्ट द्या. एप्रिल १९४८, नौशेरा ते राजौरी रस्ता. काम काय, तर पेरलेले सुरुंग काढायचे, आडवे टाकलेले अडथळे दूर करायचे आणि रणगाड्यांना वाट करून द्यायची. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात ते जखमी झाले, तरी काम चालू ठेवलं. ते बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलातले, आणि बॉम्बे सॅपर्सचं केंद्र आपल्या खडकीला. रस्ता करून देणं हेही शौर्य असू शकतं, हे ऐकून मुलं चमकतात.

'शत्रू'चा प्रश्न उरतोच. पुस्तक वाचून मूल वर्गातल्या एखाद्या मुलाला आडनावावरून बोलायला लागलं, तर पुस्तक काढून घेऊ नका, आणि भाषणही देऊ नका. खडकीच्या युद्धस्मशानभूमीत घेऊन जा. दगडांवर वयं कोरलेली आहेत. एकोणीस, बावीस, चोवीस. मुलाला ती मोठ्याने वाचू द्या.

थोडक्यात निस्तरता येण्यासारखं

वय: सात वर्षांखालच्या मुलाला सामूहिक मृत्यूची पुस्तकं मी देत नाही. एका माणसाने एकाला वाचवलं, एवढं पुरे. २००४ च्या त्सुनामीत थायलंडच्या किनाऱ्यावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या मुलीने भूगोलाच्या तासाला शिकलेली खूण ओळखून किनारा रिकामा करायला लावला, ही गोष्ट सहसा कुणाला घाबरवत नाही. माळीणचीही एक बाजू तशी सांगता येते: ३० जुलै २०१४ ला डोंगर खचून गाव गाडलं गेलं, आणि गाव जागेवर नाही हे सकाळच्या फेरीच्या एसटी चालकाच्या लक्षात आलं. बाकीचं तपशिलात नंतर.

झोपताना वाचणं: नको. संध्याकाळी वाचा, नंतर जेवण होऊ द्या.

मुलाला फक्त मेलेल्यांचे आकडेच आवडतायत: घाबरू नका, हा टप्पा येतो. प्रत्येक आकड्यामागे "आणि वाचले किती? कुणामुळे?" हा एक प्रश्न त्याच्यावरच सोपवा.

पुस्तकं संपली, आणखी हवंय: 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन खुले केलेत. पुणे नगर वाचन मंदिर किंवा पुणे मराठी ग्रंथालयात चौकशी करा. आणि पानशेतच्या पुरात जे आठ-दहा वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडलेले असले तरी तुमच्याच सोसायटीत सापडतील. मुलाला त्यांच्याकडे पाठवताना "तुम्हाला कसं वाटलं?" हा प्रश्न देऊ नका, त्याचं उत्तर "फार वाईट" एवढंच येतं. घरात चिखल कुठवर होता, तो काढला कशाने, पहिल्या रात्री झोपलात कुठे, जेवायला कुणी घातलं, असं लिहून द्या. आजोबा तेव्हाच्या कारभारावर घसरले तर मुलाने बिनधास्त पुढचा प्रश्न विचारावा.