छोट्या पल्ल्याच्या विमानप्रवासाचे स्वस्त तिकीट कसे शोधावे

कोल्हापूर, नांदेड किंवा सिंधुदुर्गसारख्या विमानतळांवरून तिकीट शोधताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. येथे बहुधा एटीआर ७२ किंवा एम्ब्राएर जातीची, साधारण ५० ते ८० आसनांची विमाने येतात आणि पुष्कळ मार्गांवर ती रोज नसतात, त्यामुळे सर्वांत कमी दराच्या जागा मोजक्याच असतात व त्या झपाट्याने संपतात.

विमान कंपन्या एकाच विमानातील जागा निरनिराळ्या दरांच्या गटांत विकतात. चौघांचे तिकीट एकदम शोधले आणि स्वस्त गटात दोनच जागा उरलेल्या असल्या, तर बहुतेक वेळा चौघांनाही वरच्या गटाचा दर दाखवला जातो. म्हणून आधी एकाच प्रवाशासाठी दर पाहावा, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी, आणि कोणत्या आकड्यावर दर चढतो ते कागदावर टिपून घ्यावे. समजा, दोघांपर्यंत माणशी २,३०० रुपये आणि तिसऱ्यापासून ३,१०० रुपये दिसत असतील, तर दोन-दोन जणांची वेगळी तिकिटे काढल्याने १,६०० रुपये वाचतात. मात्र विमान रद्द झाल्यास दोन्ही तिकिटांची व्यवस्था स्वतंत्रपणे होऊ शकते. घरात वृद्ध किंवा मुले असतील, तर प्रत्येक तिकिटावर एक जाणते माणूस असलेच पाहिजे.

छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा मिळावी म्हणून केंद्र सरकारने आखलेल्या ‘उडान’ योजनेतील पहिली विमाने २७ एप्रिल २०१७ रोजी सुटली आणि त्यांत नांदेड–हैदराबाद हा मार्गही होता. सुमारे एका तासाच्या प्रवासासाठी त्या वेळी २,५०० रुपयांची मर्यादा ठरवलेली होती, पण ती विमानातील साधारण निम्म्याच जागांना लागू होती. उरलेल्या जागा बाजारभावाने विकल्या जातात, आणि मार्गाची सवलतीची मुदत संपली की ही मर्यादाही उरत नाही. विमानांची वेळापत्रके मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, तेव्हा नव्या हंगामाची विक्री केव्हा सुरू होते यावर कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवावे.

शेजारचा विमानतळही तपासावा. कोल्हापूरकरांना बेळगाव सुमारे ११० किलोमीटरवर आहे, आणि सावंतवाडीच्या माणसाला चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाइतकाच उत्तर गोव्यातील मोपाचा विमानतळही विचारात घेण्याजोगा आहे. गोव्याला जाताना मात्र मुक्काम पाहून ठरवावे, कारण मडगावला जायचे असताना मोपाचे तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाले, तरी गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळाच्या तुलनेत टॅक्सीला त्याहून अधिक मोजावे लागतात.

दरांची तुलना नेहमी पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर करावी, कारण सामान, आसननिवड आणि विमा यांची रक्कम तेथे मिळवली जाते. तिकीट रद्द केले किंवा विमान चुकले, तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळण्याचा हक्क प्रवाशाला आहे. स्वस्त तिकिटावर ही रक्कमही लहान नसते, तेव्हा ती आवर्जून मागावी.