गनिंग पंट: खाडीतली शिकारी होडी घरच्या कार्यशाळेत कशी बांधावी

इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावरील चिखलाच्या खाड्यांमध्ये, म्हणजे एसेक्सची ब्लॅकवॉटर, नॉरफोकचे ब्रेडन वॉटर, वॉशचे उपसागरी पाणी आणि सोलंटच्या काठचा कीहेवन परिसर येथे, हिवाळी बदके, विशेषतः वायगन जातीची बदके, टिपण्यासाठी एक विशिष्ट होडी एकोणिसाव्या शतकात घडत गेली. तिला गनिंग पंट म्हणतात. सपाट तळाची, गुडघ्याहूनही कमी उंचीची, लांब आणि अरुंद अशी ही होडी एक माणूस पोटावर पालथा पडून चालवतो आणि त्याच्या पुढे होडीच्या लांबीत एकच मोठी बंदूक ठेवलेली असते. कर्नल पीटर हॉकर (1786–1853) यांनी कीहेवनला राहून या होडीवर आणि तिच्या बंदुकीवर आयुष्यभर प्रयोग केले आणि पुढे सर राल्फ पेन-गॉलवे (1848–1916) यांनी त्यात बारकाईने भर घातली. येथे दिलेली पद्धत याच परंपरेतल्या एकमाणशी पंटीची आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. या लेखात होडी बांधायची आहे, बंदूक नाही. मोठ्या नळीची बंदूक हे परवानाधारक बंदूककाराचे काम आहे. ब्रिटनमध्ये नळीची दाबचाचणी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाउसमध्ये होते, आणि 1981 च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्यानुसार तोंडाशी पावणेदोन इंचांहून अधिक व्यासाची बंदूक पक्ष्यांवर चालवता येत नाही. बंदूक असो वा नसो, पंट बांधणे हे स्वतंत्र आणि अत्यंत समाधान देणारे सुतारकाम आहे. दुर्बीण किंवा कॅमेरा घेऊन उथळ पाण्यात पक्ष्यांच्या जवळ जाणाऱ्यालाही इतकी बुटकी, इतकी शांत होडी दुसरी मिळणार नाही. तरीही होडीची रचना बंदुकीच्या भाराने ठरलेली असल्यामुळे तो भार विचारात घेतल्याशिवाय तिचे कोणतेही माप समजत नाही.

मापे आणि त्यांमागचे कारण

एकमाणशी पंटीची लांबी साधारण 5.5 मीटर, म्हणजे अठरा फूट धरावी. तळाची कमाल रुंदी 81 सेंटिमीटर आणि बाजूंच्या वरच्या काठाशी रुंदी 91 सेंटिमीटर असावी. मध्यभागी बाजूची उंची 23 सेंटिमीटर पुरते. हे आकडे पाहून नवख्याला भीती वाटते, म्हणून थोडे गणित करून पाहावे. होडीचे वजन 80 किलो, जाड कपड्यांसह माणूस 90 किलो, आणि एक पौंड छर्रे उडवणाऱ्या जुन्या बंदुकीचे 40 किलो, शिवाय थोडे सामान, असा एकूण भार 225 किलोच्या आसपास जातो. दोन्ही टोकांना निमुळत्या होणाऱ्या अशा तळाचे क्षेत्रफळ सुमारे 2.9 चौरस मीटर भरते. म्हणजे होडी सरासरी साडेसात सेंटिमीटर बुडते आणि तळाच्या बाकामुळे, म्हणजे लांबीतल्या वळणामुळे, मध्यभागी नऊएक सेंटिमीटर. पाण्यावर चौदा सेंटिमीटर बाजू उरते, आणि वर बंद डेक असल्याने तेवढी पुरते. यापेक्षा उंच बाजू केली, तर वारा ती ढकलत नेतो आणि पक्षी दुरूनच ओळखतात.

होडी अरुंद असूनही स्थिर राहते, याचे कारण भार खाली आहे. माणूस पालथा असतो. तोच माणूस उठून उभा राहिला की हीच होडी क्षणात कलंडते, ही मर्यादा बांधणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने कधीही विसरू नये.

आता बंदुकीच्या धक्क्याकडे पाहू. एक पौंड, म्हणजे 0.45 किलो छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने निघाले असे धरले, तर दारूच्या वायूंचा वाटा न मोजताही 40 किलोची एकटी बंदूक सेकंदाला साडेचार मीटर वेगाने मागे येईल, आणि तिच्या मागे माणसाचा चेहरा व खांदा आहे. हाच धक्का संपूर्ण 225 किलोच्या होडीने घेतला, तर वेग सेकंदाला मीटरहूनही कमी राहतो आणि होडी केवळ पाण्यात मागे सरकते. म्हणून बंदूक खांद्यावर घेत नाहीत. तिच्यापासून एक जाड दोर निघतो, तो होडीच्या पुढच्या टोकाच्या उभ्या लाकडातून ओवलेला असतो आणि सगळा धक्का त्या लाकडावर येतो. कोकणातील होड्यांमध्ये या लाकडाला नाळ म्हणतात आणि मी येथे तोच शब्द वापरतो. दोर नाळेला मागे ओढतो, म्हणजे नाळ फळ्यांच्या टोकांवर दाबली जाते. लाकूड हा दाब उत्तम सोसते, मात्र नाळेचा आणि फळ्यांचा सांधा पोकळ नसला पाहिजे. हा भार कॉकपिटच्या, म्हणजे डेकमधल्या माणसाच्या मोकळ्या जागेच्या, पुढच्या आडव्या तुळईवर टाकणाऱ्यांच्या होड्यांचे काठ उखडतात.

लाकूड

तळासाठी सरळ रेषांचे, गाठी कमी असलेले लाल पाइन किंवा लार्च 16 मिलिमीटर जाडीचे घ्यावे. बाजूंसाठी पूर्वी एल्म पसंत केले जाई, कारण ते भिजून-सुकूनही चिरत नाही. परंतु 1960 च्या दशकाच्या अखेरीस पसरलेल्या डच एल्म रोगाने इंग्लंडमधील एल्मची झाडे जवळजवळ नाहीशी केली आणि साडेपाच मीटर लांबीची अखंड एल्म फळी आता दैवयोगानेच मिळते. तिच्या जागी 12 मिलिमीटरचे लार्च चालते. नाळ, मागचे उभे लाकूड आणि आडवे वाक, म्हणजे तळावर बसणाऱ्या फासळ्या, या सर्वांसाठी ओक घ्यावे. ओकमध्ये लोखंडी खिळा कधीही वापरू नये, कारण ओकमधील टॅनिन आम्ल लोखंड खाते आणि सभोवतालचे लाकूडही काळे करून कुजवते. पितळी स्क्रू खाऱ्या पाण्यात जस्त गमावून ठिसूळ होतात, म्हणून सिलिकॉन ब्राँझचे स्क्रू आणि तांब्याचे रिव्हेट घ्यावेत. खर्च वाढतो, पण येथे बचत करू नये.

मरीन प्लायवूड वापरायचे असेल, तर तळाला 9 आणि बाजूंना 6 मिलिमीटर पुरते. पट्ट्या लांबीत जोडताना जाडीच्या आठपट लांबीचा तिरकस सांधा करून इपॉक्सीने चिकटवावा. प्लायवूडची होडी हलकी आणि कोरडी राहते, हे मान्य करायला हवे. तरीही फळ्यांची होडी चिखलावरून सरकताना जो मऊ, बसका आवाज करते, तो प्लायवूडच्या पोकळ धपधपीपेक्षा पक्ष्यांना कमी बिचकवतो, असे माझे मत आहे.

तळाचा बाक

या होडीचे सारे यश तळात आहे. तळ पूर्ण सपाट ठेवला, तर तो ओल्या चिखलाला चिकटतो आणि होडी जागेवर फिरत नाही. बाक जास्त दिला, तर दोन्ही टोके पाण्याबाहेर राहतात, लहान लाटा खाली आपटतात आणि तो आवाज निःशब्द पहाटे दूरवर जातो. साडेपाच मीटरमध्ये मध्यापेक्षा टोके चार सेंटिमीटर वर, एवढा बाक योग्य.

प्रथम जमिनीवर किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर होडीचा आराखडा पूर्ण आकारात काढावा. एक लवचीक लाकडी पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून तळाची कड आखली, की डोळ्याला खटकणारी जागा लगेच दिसते. ती आकड्यांवरून नव्हे, डोळ्यानेच दुरुस्त करावी. मग दोन भक्कम तुळयांचा समतल पाया तयार करून त्यावर तळाच्या फळ्या लांबीत शेजारी-शेजारी मांडाव्यात. कडा रंध्याने अशा जुळवाव्यात की दोन फळ्यांमधून उजेड दिसू नये. सांध्यांवर आतून जाड पट्टी न घालता आडव्या वाकांनीच फळ्या एकत्र बांधाव्यात. वाक 20 मिलिमीटर जाड असावेत आणि दर 40 सेंटिमीटरवर एक असावा. प्रत्येक वाकाच्या खालच्या काठाला दोन लहान खाचा ठेवाव्यात, म्हणजे आत आलेले पाणी एका ठिकाणी गोळा होऊन उपसता येते. ही खाच नंतर करता येत नाही, आणि विसरणारे बरेच असतात.

वाक स्क्रूने बसले, की टोकांखाली चार सेंटिमीटरचे ठोकळे ठेवावेत आणि छतापासून मध्यभागी टेकू देऊन तळ खाली दाबावा. बाजू लागेपर्यंत हा टेकू काढायचा नाही, कारण बाजूच तळाचा बाक कायम धरून ठेवतात. घाईने टेकू काढलेला तळ हळूहळू सरळ होतो आणि मग बाजूंच्या फळ्यांचे काप जुळत नाहीत.

नाळ आणि बाजू

नाळेच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी खाच काढावी, म्हणजे फळीचे टोक तीत पूर्ण बसेल. खाचेचा कोन आराखड्यावरून गुण्याने उतरवावा आणि पटाशीने थोडे थोडे लाकूड काढत, फळीचा तुकडा वारंवार बसवून पाहावा. नाळ तळाला ओकच्या कोपऱ्याने, म्हणजे नैसर्गिक वाकलेल्या फांदीतून काढलेल्या आधाराने, आरपार बोल्टने जोडावी. दोराचे भोक नाळेच्या मध्यरेषेवर, पाण्याच्या पातळीपेक्षा बरेच वर, आणि लाकडाच्या टोकापासून पुरेसे आत घ्यावे. कडा गोल करून त्यात तांब्याची नळी बसवावी, म्हणजे दोर घासून तुटत नाही आणि लाकूडही फाटत नाही.

बाजू बाहेरच्या दिशेने झुकलेल्या असल्याने त्यांची फळी सरळ कापून चालत नाही, तिच्या दोन्ही कडा वक्र येतात. प्रथम पातळ प्लायवूडचा नमुना वाकांवर लावून त्यावर तळाची आणि काठाची रेषा आखावी, तो सपाट करून फळीवर उतरवावा, आणि रेषेबाहेर दोन सेंटिमीटर शिल्लक ठेवून करवतीने कापावे. दोन्ही फळ्या एकाच वेळी, मध्यापासून दोन्ही टोकांकडे, क्लॅम्प लावत वाकवाव्यात. एकच बाजू आधी लावली, की होडी पिळली जाते आणि तो पीळ पुढे कशानेही निघत नाही. टोकाशी वाकण्यास फळी विरोध करत असेल, तर वाफ द्यावी. जाडीच्या प्रत्येक इंचाला एक तास हा जुना हिशेब आहे, म्हणून अर्ध्या इंचाच्या फळीला अर्धा तास पुरतो.

तळ आणि बाजू यांचा सांधा ही होडीची सर्वात गळकी जागा आहे. तळाची कड बाजूच्या उताराप्रमाणे रंध्याने तिरकी करावी. पूर्वी येथे पांढरे शिसे आणि सुती धागा भरत. पांढरे शिसे विषारी आहे, म्हणून लवचीक सागरी सीलंट वापरावे. स्क्रू सात सेंटिमीटरवर, प्रत्येकासाठी आधी भोक पाडून, आणि डोके पृष्ठभागाखाली बुडवून बसवावे. वाकांशी बाजू जोडताना तांब्याचे रिव्हेट घ्यावेत.

डेक, कॉकपिट आणि रंग

डेकच्या आडव्या तुळया मध्यभागी उंच व कडांकडे उतरत्या असाव्यात, म्हणजे पाणी टिकत नाही. पुढचा डेक शक्य तितका खाली ठेवावा. कॉकपिट 2.4 मीटर लांब आणि 60 सेंटिमीटर रुंद करून त्याभोवती सात सेंटिमीटर उंच काठ बसवावा. पुढच्या तुळईखाली दोन्ही बाजूंना जाड कोपरे द्यावेत, कारण बंदुकीचे वजन तिच्यावर टेकते. डेकवर 6 मिलिमीटरच्या फळ्या आणि त्यांवर ओल्या रंगात ताणलेले कापड ही जुनी आणि अद्याप उत्तम पद्धत आहे. डेकखाली पुढे आणि मागे हवाबंद पिशव्या किंवा बंद कप्पे हवेतच, कारण पाण्याने भरलेली पंट भारासह सरळ खाली जाते.

रंग चमकता नसावा. फिकट राखाडी, जवळजवळ पांढरा, असा फिका रंग पहाटेच्या पाण्यात विरून जातो. रंगाची परीक्षा कार्यशाळेत करू नये. रंगवलेली फळी उजाडताना खाडीच्या काठी ठेवून शंभर पावलांवरून पाहावी आणि गडद दिसली तर पुन्हा पांढरा मिसळावा.

मागच्या काठावर एका बाजूला वल्ह्यासाठी कातड्याने मढवलेली खाच ठेवावी. माणूस पालथा राहून एका हाताने मागे वल्हे हलवत होडी पुढे नेतो, आणि उथळ पाण्यात लांब काठी तळाला टेकून ढकलतो. काठीच्या टोकाला चिखलात रुतू नये म्हणून लहान लाकडी काटा बसवावा.

पाण्यात उतरवताना

फळ्यांची होडी आधी दोन-तीन दिवस उथळ पाण्यात भिजत ठेवावी. फळ्या फुगतात, सांधे आवळतात आणि सुरुवातीचा पाझर थांबतो. न थांबलेला पाझर खडूने खूण करून होडी सुकल्यावर दुरुस्त करावा. पहिली फेरी बंदुकीऐवजी चाळीस किलो वाळूच्या पोत्याने, कमरेइतक्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आणि किनाऱ्यावर दुसरा माणूस ठेवून करावी. पाण्याची रेषा तपासून पुढचे-मागचे वजन सरकवावे, जोवर नाळ किंचित वर राहत नाही तोवर.

इंग्लंडमध्ये भरतीच्या रेषेखाली बदकांचा हंगाम 1 सप्टेंबर ते 20 फेब्रुवारी असतो, म्हणजे पंट थंडीच्या महिन्यांतच वापरली जाते. ओहोटीत चिखलावर अडकलेल्या माणसाला पाणी परत येईपर्यंत तासन् तास थांबावे लागते, म्हणून भरतीचे वेळापत्रक, होकायंत्र आणि कोरडे कपडे होडीत कायम असावेत. हंगाम संपल्यावर ती उलटी करून, जमिनीपासून वर, सावलीत आणि वारा खेळेल अशी ठेवावी. उन्हात ठेवलेल्या फळ्या आकसतात आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये भिजवण्याचे काम नव्याने करावे लागते.