ओपन सोर्स सॉफ्टवेअर घेताना काय तपासायचं: व्हीएलसीपासून लिबरऑफिसपर्यंत

‘फुकट आहे म्हणजे त्यात व्हायरस असणारच’ आणि ‘कोड सगळ्यांना दिसतो म्हणजे सुरक्षितच’ ही दोन्ही वाक्यं एकाच ऑफिसात ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींचा परिणाम एकच होतो: माणसं तपासायचं सोडून देतात. ओपन सोर्स म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ कोड वाचायची, बदलायची आणि वाटायची परवानगी. तुमच्या डाउनलोड फोल्डरमधली फाइल त्याच कोडपासून बनली आहे का आणि ती कुठल्या वाटेने आली, हे त्या परवानगीतून कळत नाही. सामान्य वापरकर्ता बहुतेकदा या वाटेवरच फसतो. म्हणून आधी ती वाट तपासायला शिकावं.

उदाहरणाला व्हिडिओ बघायचा व्हीएलसी हा प्रोग्रॅम घेऊ, कारण नारिंगी शंकूचं ते चिन्ह बहुतेकांच्या ओळखीचं आहे. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी हा प्रकल्प सुरू केला. २००१ पासून तो जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखाली आहे आणि व्हिडिओलॅन ही फ्रान्समधली ना-नफा संस्था तो सांभाळते. २०२२ मध्ये भारतात या संस्थेचं संकेतस्थळ कित्येक महिने उघडत नव्हतं, नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. ‘व्हीएलसी चिनी आहे, डेटा चोरतं’ ही अफवा त्याच काळात पसरली. अधिकृत दारच बंद झालं की लोक शोधयंत्रात सापडेल त्या दुसऱ्या साइटवरून फाइल उतरवतात, आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

फाइल नेहमी मूळ संस्थेच्या पत्त्यावरून घ्या. इथे तो पत्ता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग. शोधयंत्रात सर्वांत वर ‘प्रायोजित’ म्हणून दिसणारी लिंक टाळा, कारण नकली इंस्टॉलर (प्रोग्रॅम बसवणारी फाइल) पसरवणारे तीच जागा विकत घेतात. बटण दाबल्यावर फाइल कधी कधी दुसऱ्याच नावाच्या सर्व्हरवरून येताना दिसते. त्याने घाबरू नका. असे मिरर सर्व्हर, म्हणजे त्याच फाइलची प्रत ठेवणारे दुसरे सर्व्हर, ही या क्षेत्रातली नेहमीची सोय आहे, आणि पुढची तपासणी नेमकी त्यासाठीच करायची असते.

इंस्टॉलर चालवण्याआधी त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब पाहा. सही करणाऱ्याच्या नावापुढे व्हिडिओलॅन दिसलं पाहिजे. ते नाव निवडून ‘डिटेल्स’ दाबलं की सही ठीक असल्याचा संदेशही यायला हवा. टॅबच नसेल किंवा तिथे भलतंच नाव असेल तर व्हीएलसीच्या बाबतीत ती फाइल सरळ काढून टाका. सगळ्या प्रकल्पांना मात्र हा नियम लागू होत नाही. झिप फाइल उघडणाऱ्या सेव्हन-झिपच्या इंस्टॉलरवर अशी सही नसते, म्हणून विंडोज ‘अनोळखी प्रकाशक’ असा इशारा देतं. त्याचा अर्थ व्हायरस सापडला असा नाही, सही सापडली नाही एवढाच आहे.

पुढची पायरी हॅशची, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेल्या तिच्या ओळखखुणेची. तिलाच चेकसमही म्हणतात. डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ चेकसम दाखवण्याची लिंक असते. ती उघडली की ६४ अक्षरांची एक ओळ दिसते. आता पॉवरशेल (विंडोजमधली आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा, गेट-फाइलहॅश ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत, मधल्या वजाचिन्हासह टाइप करा, एक जागा सोडा, इंस्टॉलरची फाइल ओढून त्या खिडकीत टाका आणि एंटर दाबा. आलेली ओळ कॉपी करून ब्राउझरमध्ये त्याच पानावर कंट्रोल-एफने शोधा. सापडली तर फाइल जशीच्या तशी आली आहे. पॉवरशेल मोठ्या लिपीतली अक्षरं देतं आणि पानावर ती छोटी असतात. नुसत्या डोळ्यांनी पाहणारे इथेच गडबडतात, पण या दोन्हींत फरक काहीच नाही.

ओळ जुळली नाही तर आधी फाइलचा आकार पाहा. नेट मधेच तुटून फाइल अर्धवट उतरलेली असू शकते. मग ३२ बिट आणि ६४ बिटची अदलाबदल झाली आहे का, तुमच्या फाइलची आवृत्ती पानावरच्या आवृत्तीपेक्षा जुनी आहे का, ते बघा. एकदा पुन्हा उतरवा. तरीही जुळत नसेल तर ती फाइल चालवू नका.

पेनड्राइव्हवरून आलेल्या तयार फोल्डरबद्दल जास्तच सावध राहा. एप्रिल २०२२ मध्ये सिमँटेक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी एका हेरगिरी मोहिमेचा तपशील जाहीर केला. त्यात हल्लेखोरांनी अस्सल व्हीएलसीसोबत स्वतःची घातक डीएलएल फाइल (प्रोग्रॅम चालताना वापरतो ती जोडफाइल) ठेवली होती. प्रोग्रॅमला लागणारी डीएलएल विंडोज साधारणपणे त्याच फोल्डरमध्ये आधी शोधतं, त्यामुळे अस्सल व्हीएलसीनेच ती फाइल चालवली. अशा फोल्डरमधल्या मुख्य प्रोग्रॅमची सही तपासली तर ती बिनचूक निघते, म्हणून तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. मित्राने दिलेलं फोल्डर कॉपी करून वापरण्यापेक्षा इंस्टॉलर स्वतः उतरवावा.

आता दुसरी समजूत. ‘हजारो लोक कोड वाचतात’ हे काही प्रकल्पांबाबत खरं आहे, पण पुष्कळ प्रकल्प एकदोन माणसांच्या मोकळ्या वेळेवर चालतात. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष २०१२ मध्ये शिरला आणि २०१४ मध्ये उघड झाला. दोन वर्षं तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड युटिल्सचं प्रकरण तर याहून बोलकं आहे. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं चांगलं काम करून प्रकल्प सांभाळणाऱ्या देखभालकर्त्याचा विश्वास कमावला, मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, ठेवलं. ते सुरू करणारा तुकडा सार्वजनिक कोडभांडारात नव्हता, प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या संगणकात दुरून शिरायला) सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी ते जाहीर केलं. कोड आणि गठ्ठे दोन्ही खुले होते म्हणून त्याला शेवटपर्यंत माग काढता आला. खुलेपणाचं खरं मोल हे आहे. तो आपोआप पहारा देत नाही, पण पहारा द्यायचा असेल त्याला अडवतही नाही.

‘कुणीही कोड बदलू शकतो’ या भीतीत एक घोटाळा आहे. कुणीही स्वतःची प्रत बदलू शकतो. मूळ भांडारात बदल घ्यायचा तर देखभालकर्त्यांची मंजुरी लागते.

यातून आपल्यासाठी निघणारं काम साधं आहे: आवृत्ती ताजी ठेवा. व्हीएलसीमध्ये हेल्प मेनूत अपडेट तपासायची सोय आहे. सेव्हन-झिप स्वतःहून अपडेट होत नाही, त्यामुळे तीनचार वर्षं जुनी प्रत संगणकात तशीच पडून राहते. त्यातला एक गंभीर दोष २४.०९ या आवृत्तीत दुरुस्त झाला आहे. तुमच्याकडची त्याआधीची असेल तर आजच बदला.

प्रकल्प निवडताना शेवटची आवृत्ती कधी आली ते आधी पाहा. ऑफिसच्या कामासाठी अजूनही अनेकजण जुन्या ओळखीने ओपनऑफिस उतरवतात. लिबरऑफिस २०१० मध्ये त्यातूनच वेगळं झालं, त्याच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात आणि मधे दुरुस्त्याही येत राहतात. दोघांतून निवडायचं तर लिबरऑफिस घ्या, यात विचार करण्यासारखं फार नाही.

लिबरऑफिसवर मराठी माणसाचा अविश्वास बसतो तो फॉन्टमुळे. वरच्या पट्टीतून फॉन्ट ठरवून ठेवला तरी नव्या फाइलमध्ये मराठी मजकूर वेगळ्याच फॉन्टात उमटतो. कारण असं, की हा प्रोग्रॅम देवनागरीचा फॉन्ट आणि आकार इंग्रजीपासून वेगळा जपतो. टूल्स, ऑप्शन्स, मग लँग्वेजेस अँड लोकेल्समधल्या जनरल पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी निवडा. नंतर लिबरऑफिस रायटरखालच्या ‘बेसिक फॉन्ट्स सीटीएल’मध्ये (सीटीएल म्हणजे तेच कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) हवा तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाणित अक्षरपद्धतीचा, फॉन्ट आणि आकार ठरवा. फाइल दुसरीकडे पाठवायची असेल तर फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट या टॅबमध्ये फॉन्ट फाइलमध्येच बसवण्याची खूण करा, म्हणजे ओळी सरकत नाहीत. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली फाइल मात्र तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर कुठल्याही प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अक्षरांचा गोंधळच दाखवणार. तिला आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

शाळेत किंवा ऑफिसात वरिष्ठ ‘याची जबाबदारी कोणाची?’ असं विचारतात. प्रश्न रास्त आहे. जीपीएलमध्ये हमी नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या करारातही नुकसानभरपाईवर बहुधा कडक मर्यादा असतात, म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला द्या. सोबत एक नोंदवही ठेवा: प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती, कुठून उतरवला, तारीख, सहीवरचं नाव, हॅश आणि पुढची तपासणी कधी. तपासलेला इंस्टॉलर एका फोल्डरमध्ये जपा आणि सगळ्या संगणकांवर तोच चालवा. नवी आवृत्ती आली की जुना काढून टाका.