परदेशी बाजारपेठेतील वेगवान मोटार खान्देशात कायदेशीरपणे कशी आणावी

परदेशी बाजारपेठेसाठी तयार झालेली एखादी ताकदवान मोटार जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या रस्त्यावर रीतसर चालवायची असेल, तर गाडीच्या आधी तिचे कागद निवडावे लागतात. बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो. आधी गाडी मनात भरते, मग परदेशातील नातेवाइकामार्फत विक्रेत्याला इसार दिला जातो, आणि गाडी बंदरावर यायची वेळ झाली की नियमांची चौकशी सुरू होते. माझ्या ओळखीच्या, चोपडा तालुक्यातील एका केळी व्यापाऱ्याचा इसार याच पद्धतीने बुडाला. जपानमधील विक्रेत्याने ‘दोन वर्षे वापरलेली’ म्हणून दाखवलेली गाडी दोन वर्षांपूर्वी नोंदली गेली होती हे खरे, परंतु कारखान्यातून ती बाहेर पडली होती त्याच्याही पावणेदोन वर्षे आधी.

हा फरक का महत्त्वाचा ठरला, हे समजण्यासाठी मूळ नियम पाहावा लागेल. मोटारींची आयात विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणातील ८७व्या प्रकरणानुसार होते. वापरलेली गाडी आणायची असल्यास ती उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, स्टिअरिंग उजवीकडे असावे, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असावा, हेडलाइटचा झोत डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठी जुळवलेला असावा आणि ती मुंबई बंदरातूनच यावी, अशा अटी आहेत. शिवाय आयातीच्या दिवसापासून पुढे किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील, याचीही हमी लागते. जपानच्या निर्यात प्रमाणपत्रावर पहिल्या नोंदणीचा महिना असतो, उत्पादनाचा नव्हे. आमचे व्यापारी तेथेच फसले. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला, तर मुळाशी शिवलेल्या लेबलावर पट्टा कधी तयार झाला ते बहुधा सापडते. त्याचा स्पष्ट फोटो मागवल्यास अंदाज चटकन येतो, मात्र कस्टम्ससमोर ठेवण्याचा पुरावा म्हणून चेसीस क्रमांक घालून दिलेले उत्पादक कंपनीचे पत्रच हातात असावे.

तीन वर्षांच्या या एका अटीने तरुणांच्या भिंतीवरील निम्म्या गाड्या बाद होतात. निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४ हे मॉडेल १९९९ ते २००२ या काळात तयार झाले. त्याचे स्टिअरिंग उजवीकडे आणि स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये असला, तरी वयामुळे वापरलेल्या गाडीचा मार्ग त्याला बंद आहे. अमेरिकेत पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या गाडीला सवलत मिळते म्हणून आपल्याकडेही मिळेल, असे सांगणारे दलाल भेटतात, पण तो नियम त्यांच्या देशाचा आहे. आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून २०२१पासून ‘व्हीए’ अक्षरांच्या स्वतंत्र मालिकेत नोंदणी होते, परंतु अशी गाडी रोज बाजारात नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते.

आखातात नोकरीला असलेल्या मुलांकडून दुबईच्या गाड्यांची विचारणा नेहमी होते, कारण तेथील किंमत ऐकून कोणालाही मोह पडावा. त्या गाड्यांचे स्टिअरिंग डावीकडे असते आणि तेथेच विषय संपतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १२० वाचून कोणी असे म्हणू शकेल की, ठरावीक प्रकारचे इशारा यंत्र बसवल्यास डाव्या स्टिअरिंगची गाडी चालवता येते. ते खरे आहे, मात्र ते कलम गाडी चालवण्याविषयी आहे, तर आयात धोरण ती देशात आणण्याविषयी आहे. पहिले दार उघडे असून उपयोग नाही, कारण गाडी दुसऱ्या दारातच अडते.

ब्रिटनच्या गाड्यांचे स्टिअरिंग व झोत आपल्यासारखेच असतात, पण वेग मैलांत दाखवला जातो. डिजिटल डॅशबोर्ड असल्यास एकक बदलता येते का, ते आधी विचारावे. हेडलाइटची खात्री घरच्या घरी होऊ शकते. संध्याकाळी गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून पाच-सात मीटर अंतरावर उभी करून डिपर लावावा. भिंतीवर उजेडाची कड सरळ आडवी दिसते आणि एका बाजूला वर चढते. ही चढण आपल्या डाव्या हाताला असेल, तर झोत योग्य आहे. उजव्या हाताला असेल, तर तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाणार. विक्रेत्याकडून असा एक फोटो मागवायला काहीही खर्च येत नाही. अमेरिकी बाजारपेठेच्या गाड्यांत मागचे इंडिकेटर पुष्कळदा लाल असतात, आपल्याकडे ते पिवळसर नारिंगी लागतात, हेही त्याच फोटोंत पाहून घ्यावे.

कोरी गाडी आणताना वयाचा प्रश्न येत नाही, पण ‘कोरी’ या शब्दाचा अर्थ काटेकोर आहे. आयातीपूर्वी ती कोठेही नोंदलेली, विकलेली, भाड्याने किंवा वापरायला दिलेली नसावी. शोरूममधील डेमो गाडी केवळ दोनशे किलोमीटर चालली असली, तरी तिची परदेशात नोंदणी झाली असेल तर ती कोरी राहत नाही. कोऱ्या गाडीसाठी न्हावा शेवा, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांच्यासह ठरावीक बंदरे मोकळी आहेत. आपल्याला न्हावा शेवाच सोयीचे.

खरी कसोटी लागते ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ पाशी. भारतात विकायच्या प्रत्येक मॉडेलची उत्सर्जन, ब्रेक, दिवे, सुरक्षितता अशा निकषांवर मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळावे लागते. पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट आणि सेंधव्याच्या पलीकडे पिथमपूरला असलेली नॅट्रॅक्स या त्यांपैकी काही संस्था होत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे उत्सर्जनाचे मानक लागू आहे आणि त्याचा रस्त्यावरील प्रत्यक्ष उत्सर्जन मोजणारा दुसरा टप्पा १ एप्रिल २०२३ पासून आला. हे प्रमाणपत्र मॉडेलला मिळते. एकट्या गाडीसाठी एवढ्या चाचण्यांचा खर्च करणे व्यवहार्य नाही. उत्पादक कंपनी किंवा तिचा अधिकृत प्रतिनिधी यांना मात्र २०१८च्या अधिसूचनेनुसार वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या, त्या युरोपीय किंवा जपानी मानकांत बसत असतील तर, येथे पुन्हा चाचणी न करता आणता येतात. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. आपल्याला हवे असलेले मॉडेल या सवलतीतून किंवा प्रमाणपत्रासह आणणारा अधिकृत प्रतिनिधी मुंबई-पुण्यात आहे का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. असेल तर त्याच्याकडून घ्यावे आणि स्वतः आयातदार होण्याची हौस सोडून द्यावी.

आता पैशांचे बोलू. समजा, गाडीची मूळ किंमत, विमा आणि जहाजभाडे मिळून बंदरापर्यंतचे मूल्य ६० लाख रुपये झाले. हे मूल्य ४०,००० डॉलरच्या वर असल्याने २०२५च्या अर्थसंकल्पानंतरच्या दराने ७० टक्के मूळ सीमाशुल्क, म्हणजे ४२ लाख, आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर, म्हणजे २४ लाख लागतो. एकूण झाले १२६ लाख. त्यावर, २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींना लागू झालेल्या ४० टक्के दराने आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, ५० लाख ४० हजार. म्हणजे बंदरातून बाहेर पडतानाच ६० लाखांची गाडी १ कोटी ७६ लाख ४० हजारांची होते. वापरलेल्या गाडीला ७० टक्के शुल्क आणि ६७.५ टक्के उपकर असा भार असल्याने ‘जुनी आणली तर स्वस्त पडेल’ हा हिशेबही टिकत नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात मोटारींच्या शुल्कात सवलत आहे, पण ती कोट्याने बांधलेली आहे. दलालाने तिचे नाव घेतल्यास आपल्या गाडीला ती कोणत्या अधिसूचनेने लागू होते, ते लेखी मागावे.

बिलात किंमत कमी दाखवण्याचा मार्ग कोणी सुचवल्यास त्याला दारातूनच परत पाठवावे. कस्टम्स मूल्य बिलावरून निमूट मान्य करत नाही, आणि चूक पकडली गेल्यास दंडाबरोबर गाडीही जप्त होऊ शकते. खोट्या कागदांचे तेच. भूतानमार्गे आणून येथे नोंदवलेल्या गाड्यांविरुद्ध २०२५ मध्ये केरळात मोठी मोहीम झाली, तेव्हा पैसे मोजून गाडी घेतलेल्यांच्या अंगणातून गाड्या उचलल्या गेल्या. कार्नेवर, म्हणजे शुल्क न भरता तात्पुरती गाडी आणण्याच्या कागदावर, आणलेली परदेशी पाटीची गाडीही विकत घ्यायची नसते. ती सवलत फिरायला येणाऱ्यासाठी साधारण सहा महिन्यांची असते आणि मुदतीत गाडी परत देशाबाहेर न्यावी लागते.

गाडी जहाजावर चढण्याच्या आत कस्टम्सचे काम पाहणारा कस्टम हाउस एजंट नेमलेला असावा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सला द्यायचे आयातीचे विवरणपत्र, जहाज येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हावे लागते. उशीर झाल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि नंतर रोज १०,००० रुपये आकार लागतो, कंटेनरचे भाडे आणि डेमरेज, म्हणजे माल बंदरात पडून राहिल्याचा आकार, वेगळेच. मूळ बीजक, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती), विमा, शुल्क भरल्याचे चलन आणि नियम १२६ चे प्रमाणपत्र यांच्या प्रती एजंटाच्या फाइलमध्ये असतातच, पण मूळ संच आपल्या कपाटात ठेवावा. पुढे गाडी विकताना समोरचा हुशार ग्राहक सर्वांत आधी बिल ऑफ एंट्रीच मागतो, आणि आपण आधीच आयात झालेली गाडी घेत असू तर आपणही तेच मागावे. त्यावरील चेसीस क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळतो का, ते उन्हात उभे राहून वाचावे.

बंदराहून धुळे साधारण सव्वातीनशे किलोमीटर आणि जळगाव त्याच्याही पुढे शंभरेक. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर चालवता येत नाही, त्यामुळे ती बंद कॅरिअरमधून आणणे उत्तम. तात्पुरती नोंदणी करून चालवत आणण्याची हौस कसाऱ्याच्या घाटात ट्रकांमागे उतरते.

नोंदणी आपण राहतो किंवा गाडी ठेवतो त्या भागाच्या कार्यालयात होते. धुळ्याला एमएच १८, जळगावला १९, नंदुरबारला ३९. नमुना २० चा अर्ज, विक्री प्रमाणपत्र, रस्तायोग्यतेचा नमुना २२, विमा, पत्त्याचा पुरावा आणि आयात गाडीसाठी सीमाशुल्क मंजुरीचे प्रमाणपत्र हा मुख्य संच. निरीक्षकासमोर गाडी नेताना चेसीस क्रमांक कोठे कोरला आहे ते आपल्याला ठाऊक असावे, कारण जपानी गाड्यांत तो आपल्या सवयीच्या सतरा अक्षरांचा नसतो आणि पुष्कळदा इंजिनाच्या मागील पत्र्यावर असतो. त्यावर कागद धरून पेन्सिलने घेतलेला ठसा सोबत असला, तर अर्धा तास वाचतो. राज्याचा एकरकमी कर आयात गाडीला २० टक्के आहे आणि १ जुलै २०२५ पासून त्याची कमाल मर्यादा ३० लाख रुपये झाली. वरच्या उदाहरणात २० टक्के म्हणजे पस्तीस लाखांच्या वर जातात, म्हणून ३० लाखच भरावे लागतील. गाडी घरी येईपर्यंत दोन कोटी सहा लाख झाले, विमा आणि वाहतूक अजून धरलेली नाही. परराज्यात कर कमी आहे म्हणून तिकडच्या पत्त्यावर नोंदवून गाडी इकडे ठेवणारे असतात. बारा महिन्यांच्या वर येथे ठेवल्यास कलम ४७ नुसार येथील क्रमांक घ्यावा लागतो.

नोंदणीनंतर सायलेन्सर बदलणे, इंजिनात फेरफार करणे असले उद्योग टाळावेत. मूळ रचनेत बदल करण्यास कलम ५२ मज्जाव करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले. टायरचा विचार मात्र गाडी ठरवतानाच करावा. जून २०२० पासून नव्या टायरची आयात निर्बंधित आहे, त्यामुळे विचित्र मापाचा टायर जळगावच्या दुकानात सोडाच, मुंबईतही लवकर मिळत नाही. इंधनाच्या झाकणाच्या आत ‘ई५’ किंवा ‘ई१०’ (पेट्रोलमधील इथेनॉलचे टक्के) लिहिलेले असेल, तर येथील पंपावर मिळणाऱ्या ई२० विषयी उत्पादकाला आधीच विचारावे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा शीतकरणाची परीक्षा वेगळी होते.

शेवटी जमिनीपासूनची उंची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. गावकऱ्यांनी अपघातानंतर रातोरात घातलेला गतिरोधक हे मानक वाचून घातलेला नसतो. आमच्या भाच्याची निवड पक्की होत आली, तेव्हा त्याने त्या गाडीची ११ सेंटिमीटर उंची गृहीत धरून आपल्या जुन्या मोटारीच्या पोटाखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी बांधली, तिची खालची कड जमिनीपासून बरोबर ११ सेंटिमीटरवर ठेवली आणि घरापासून महामार्गापर्यंत जाऊन आला. पट्टी सात ठिकाणी घासली. परत आल्यावर ती सोडवताना तिची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती, आणि त्याच संध्याकाळी त्याने पुढचा भाग बटणाने उचलता येणाऱ्या मॉडेलची किंमत विचारली.