रॅममधली भोकं: कर्नलमध्ये या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या कोडमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारी चूक एकच: स्ट्रक्ट पेजच्या (मेमरीच्या प्रत्येक पानाची नोंद) पॉइंटरमध्ये थेट बेरीज. स्पार्समेम या मेमरी-मांडणीच्या मॉडेलमध्ये फिजिकल मेमरीचे सेक्शन पाडलेले असतात. एक्स८६-६४ वर सेक्शन १२८ एमबीचा, म्हणजे ४ केबीची ३२,७६८ पानं. स्ट्रक्ट पेज सहसा ६४ बाइटचं, त्यामुळे सेक्शनमागे २ एमबीचा मेममॅप, म्हणजे त्या नोंदींची यादी. व्हीमेममॅप हा कर्नलचा पर्याय चालू असेल तर सगळे मेममॅप व्हर्च्युअल पत्त्यांत ओळीने बसतात आणि 'पेज + १' बरोबर येतं. तो नसेल तर प्रत्येक सेक्शनचा मेममॅप भलतीकडेच असतो.

घडतं ते असं. ड्रायव्हर लॅपटॉपवर चालतो. बोर्डावरही चालतो, कारण बडी अ‍ॅलोकेटरचा (कर्नलचा नेहमीचा पानं वाटणारा भाग) मोठ्यात मोठा ब्लॉकसुद्धा सेक्शनची हद्द ओलांडत नाही. मग कोणीतरी सीएमएमधून (सलग मोठी मेमरी देणारी व्यवस्था) मोठा बफर घेतो, तो दोन सेक्शनांवर पसरतो आणि लॉगमध्ये 'बॅड पेज स्टेट' झळकतं, तेही दुसऱ्याच कुणाच्या पानाबद्दल. मग डीएमएवर (उपकरणाने थेट मेमरीत लिहिणं) संशय घेण्यात दिवस जातात. आधी पीएफएन (पानाचा फिजिकल क्रमांक) काढा, बेरीज त्यात करा, मग पेजकडे परत या: पीएफएन_टू_पेज(पेज_टू_पीएफएन(पेज) + एन). व्हीमेममॅपवर हा हिशेब जवळपास फुकटच पडतो, त्यामुळे शॉर्टकटने काहीच वाचत नाही.

पीएफएन_व्हॅलिड() ने होकार दिला म्हणून तिथे रॅम आहे असं समजू नका. तो फक्त स्ट्रक्ट पेज असल्याचं सांगतो. सेक्शनचा काही भाग भोक, म्हणजे रॅम नसलेले पत्ते, असू शकतो, हॉटप्लगमध्ये (चालू मशीनवर रॅम जोडणं-काढणं) अख्खा सेक्शन ऑफलाइन असू शकतो. झोनच्या (कर्नलने पाडलेला मेमरीचा विभाग) सुरुवातीपासून शेवटपर्यंत लूप फिरवताना पीएफएन_टू_ऑनलाइन_पेज() वापरा आणि नल तपासा. झोनच्या 'स्पॅन्ड' आकड्यात भोकं धरलेली असतात, 'प्रेझेंट'मध्ये नसतात.

मॅक्स ऑर्डर (बडी अ‍ॅलोकेटरच्या सर्वांत मोठ्या ब्लॉकचं माप) सेक्शनपेक्षा मोठी झाली की बिल्ड थांबते. ती एरर कॉमेंट करून पुढे जाणं अक्षम्य आहे.

फ्लॅटमेमवर (सगळ्या मेमरीला एकच सलग मेममॅप असलेलं मॉडेल) १६ जीबीचं भोक म्हणजे मेममॅपमध्ये २५६ एमबी वाया.

डिसकंटिगमेम या तिसऱ्या मेमरी मॉडेलचे जुने पॅच उचलू नका. ते मॉडेल २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीतून काढून टाकलं.

अडलात तर आधी नकाशा पाहा: रूट होऊन /प्रॉक/आयओमेम वाचा (इतरांना पत्ते शून्य दिसतात), बूटला 'मेमब्लॉक=डीबग' द्या. डीबग_व्हीएम हा कर्नलचा तपासणी-पर्याय चालू ठेवूनच चाचणी करा. त्यात इनिशियलाइझ न झालेली स्ट्रक्ट पेज सगळे बिट १ करून ठेवलेली असतात, म्हणून चूक जागच्या जागी पकडली जाते.